पाखरं येतील अशी झाडं

सुनीलनं ओट्यावर पसरलेला कागद रुकय्याभाभींनी आधी सरळ बघितला, मग फिरवून बघितला. रंगीत पेनांनी काढलेली बाग होती ती. फाटकापासून दारापर्यंत दोन्ही अंगांना फॉक्सटेल पाम, कुंपणाच्या कडेनं कोनोकार्पसची भिंत, मधल्या वाफ्यात क्रोटन आणि पिवळा डुरांटा. उरलेल्या जागेत लॉन. मुंबईत पाच वर्षं एका बागवाल्या ठेकेदाराच्या हाताखाली त्यानं असल्याच बागा लावल्या होत्या. पोलादपूरच्या अलीकडे हायवेला स्वतःची नर्सरी टाकली तीही याच झाडांच्या जिवावर.

"काढलंय छान," भाभी म्हणाल्या. "पण यातल्या कुठल्या झाडावर पाखरू येईल?"

हे सुनीलला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "पाखरं काय, कुठंही येतात भाभी."

"इथं नाही येत. दीड वर्ष झालं या घरात. सकाळी डोळे उघडले की नुसता ट्रकांचा आवाज."

त्यांचं जुनं घर महाडात, नदीच्या अंगाला होतं. एकवीसच्या पुरात पाणी माळ्याला लागलं आणि उबेदभाईंनी तेव्हाच ठरवलं, आता उंचावर बांधायचं. टेकाड कापून प्लॉट पाडले होते, त्यातला वरचा घेतला. घर मोठं झालं, पण भोवती सगळा उघडा लाल मुरूम. गवताची काडी नव्हती.

"जुन्या घरात माझ्या चुलीच्या खिडकीशी एक झुडूप होतं," भाभी म्हणाल्या. "फांदीला चिकटून निळी निळी फुलं यायची. सासूबाईंच्याही आधीचं. पुरात गेलं ते. नाव नाही ठाऊक मला."

उबेदभाई बाजूला खुर्चीत होते. कागदावरच्या हिरव्या भिंतीवर त्यांनी बोट ठेवलं. "आणि हे कोनोकार्पस काढा हो. कुवेतमध्ये चोवीस वर्षं रस्त्यानं तेच बघितलं. आता दारात नको. वरून लाइनची वायर गेलीय, तेव्हा मोठी झाडंही नकोत. लहान झाडं, झुडपं. दिसायला चांगली हवीत आणि पाखरं, फुलपाखरं आली पाहिजेत."

"होऊन जाईल," सुनील म्हणाला.

"तुम्ही हे शिकलात कुठं?"

"डिप्लोमा केलाय. हॉर्टिकल्चरचा." बारावीला दोनदा बसून तो सुटला नव्हता. पण हे वाक्य त्यानं इतक्या गिऱ्हाइकांना सांगितलं होतं की ते आता अडखळत नव्हतं.

"वडीलही यातलेच?"

सुनीलच्या डोळ्यांपुढे पांडू उभा राहिला. खाकी हाफ पँट, भोकं पडलेलं बनियन, डाव्या डोळ्यात पडलेलं पांढरं फूल, मिश्रीनं काळे झालेले दात.

"कृषी खात्यात होते," तो म्हणाला.

"वा! मग त्यांनाच आणा एकदा. असा माणूस जागा बघून सांगेल."

"नाहीत ते आता. चार वर्षं झाली. अटॅक आला."

निघून गेलं तोंडातून. भाभींनी डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि ओठांतल्या ओठांत काही पुटपुटल्या. उबेदभाई खुर्चीतून उठले आणि त्यांनी सुनीलच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात जड आणि ऊबदार होता. तो बाजूला होईपर्यंत सुनील कागदाची गुंडाळी करत राहिला.

*

करंजमाची पोलादपूरच्या वर, घाटाच्या कुशीत. वीस-बावीस घरं, त्यातली निम्मी कुलूप लावून मुंबईला गेलेली. सुनील पोचला तेव्हा पांडू पडवीत बसून कुदळीला नवा दांडा बसवत होता. सुनीलची बायको अक्षदा भाताच्या रोपाच्या वाफ्यावरून नुकतीच आली होती, पाय धूत होती. मिरगाचा पाऊस दोन दिवस पडून दडी मारून बसला होता. रोप हातभर झालं होतं आणि चिखल करायला पाणी नव्हतं.

"बाबा, पाखरा येतील अशी झाडा कुठली? लहान. घराच्या वर जानारी नकोत."

पांडूनं दांड्यावरचा हात थांबवला. "कोनाला हवीत?"

"गिऱ्हाईक हाय महाडचा."

"इकत घेनार? रानातला झुडूप इकत घेनार?" पांडूला हसू आलं, हसता हसता खोकला आला. खोकला बसल्यावर मात्र तो मांडी घालून नीट बसला. "पाखरू कंचा हवा त्याला?"

"म्हंजे?"

"फुल चोखनारा, का फळ खानारा, का घरटा बांधनारा? परत्येकाचा झाड येगला."

 सुनीलनं मोबाइल काढला आणि लिहून घ्यायला बसला.

"चोखनाऱ्याला धायटी," पांडू सांगू लागला. "उन्हाळ्यात सगळा रान वाळलेला नि ही लाल. मुरूडशेंग पन चालंल. बुलबुलाला करवंद, तोरन, भोकर. करवंदीत तो घरटा बी बांधतो. काट्याबिगर पाखराला भरवसा नाय वाटत. फुलपाखराला दिंडा. दिंडा फुलला का तिथं हाताला लागतील एवढी बसतात. पांढऱ्या फुलांना कुडा घे, वास बी हाय. लिंबाचा एक झाड लाव, आळ्या पाना खातील, बाईला सांग का मारू नको, त्याचीच फुलपाखरा व्हतात."

"आनि फांदीला चिकटून निळी फुला येतात ता कुठला?"

"अंजनी," पांडू लगेच म्हणाला. "लय कठीन झाड. कोयती बोथट करतो."

पांडूचं उभं आयुष्य कोळशाच्या भट्ट्यांवर गेलं होतं. धायटी, कुडा, अंजनी, सगळी त्यानं मुळाशी तोडली होती, जाळली होती. डोळ्यातलं फूल करवंदीच्या काट्यानं पडलेलं. "तोडता तोडता वळखीची झाली सगळी," तो म्हणाला आणि परत दांड्याला हात घातला.

दुसऱ्या दिवशी बापलेक दोघं वरकसात गेले. जमीन त्यांच्याच मालकीची, कातळ आणि झुडपं. सुनील मोठं डेरेदार झाड बघून तिकडे जाई आणि पांडू त्याला मागे ओढी. "ता उपटशील त मरंल. पोरका बघ, आयच्या पायाशी असतात ती." वीतभर, हातभर रोपं तो बोटांनी माती उकरून काढी, मुळाचा गड्डा सागाच्या पानात गुंडाळी आणि मुरूडशेंगेच्या सालीनं बांधी. अंजनीची तीन रोपं मिळाली. ती त्यानं सावलीत वेगळी ठेवली.

रोपं झाली, पण खड्डे मारायला माणसं मिळेनात. नर्सरीवर येणारे दोघं गडी सांगून बसले, पाऊस कधी येईल त्याचा नेम नाही, आम्ही शेत सोडून येणार नाही.

"मी येतो की," पांडू म्हणाला. "तुज्यानं ही झाडा लावून व्हनार नाय."

सुनील खूप वेळ दुसरी वाट शोधत होता. दुसरी वाट नव्हती.

*

टेम्पो घाट उतरून हायवेला लागला तेव्हा सुनील म्हणाला, "बाबा, एक सांगायचाय. तिथं मी तुला बाबा म्हननार नाय."

"का रं?"

"कामाच्या ठिकानी तसा बरा दिसत नाय. ठेकेदार आनि..."

"बरा," पांडू म्हणाला. "त्यात काय. मी भट्टीवर सख्ख्या चुलत्याला मुकादम म्हनायचो." आणि तो खिडकीतून बाहेर बघू लागला. त्याला टेम्पोत पुढे बसायला आवडे.

पांडूनं धुतलेलं बनियन घातलं होतं. फाटकातून आत गेल्यावर चपला त्यानं भिंतीशी काढून ठेवल्या आणि मुरमावर अनवाणी फिरून सगळी जागा बघितली. मोरीचं पाणी कुठून जातं, ऊन कुठून कुठं सरकतं, वारा कुठल्या अंगाचा. उबेदभाई व्हरांड्यात येऊन उभे राहिले.

"पांडू," सुनीलनं हाक मारली. आवाज चढा लागला. "इथं खड्डा मार."

पांडूनं मागे वळून बघितलं. नाव त्याचंच होतं, पण या आवाजात ते त्यानं कधी ऐकलं नव्हतं. मग त्यानं पहार उचलली. "व्हय शेठ."

मुरूम कातळासारखा होता. पहार मारली की ठिणगी उडे आणि मूठभर खडे निघत. दुसऱ्या बाजूला सुनीलनंही टिकाव घेतला, पण उबेदभाई बाहेर आले की तो टिकाव ठेवून कागद हातात घेई. दहा वाजेपर्यंत पांडूच्या पाठीवरचं बनियन भिजून चिकटलं होतं. बरगड्या मोजता येत होत्या.

भाभी छत्री घेऊन बाहेर आल्या. "काका, हे काय लावताय?"

"ही धायटी, बाय. हितं उतारावर ऊन हाय, तिला ऊनच हवा. लाल फुला येतील." पांडूनं हातातली माती हाफ पँटला पुसली. "मोरीच्या पान्यावर दिंडा लावतो. त्याला वल लागते. करवंद कुपनाच्या कोपऱ्यात, लेकराबाळाचा हात नको जायला. आनि ही तुमच्या खिडकीशी."

"ही कुठली?"

"अंजनी. निळ्या फुलांची."

भाभी खाली वाकल्या. चार पानांचं रोप होतं. त्यांनी एका पानाला बोट लावलं. मग त्यांनी आतून खुर्ची आणली, सावलीत ठेवली आणि पांडूला बसायला लावलं. त्यानं पाठ टेकली नाही, नुसता कडेला बसला. कपबशीत चहा आला. सुनील नळाचा पाइप आणायला मागे गेला होता.

"सगळं ठाऊक आहे हो तुम्हाला," भाभी म्हणाल्या. "साहेबांच्या वडलांच्या हाताखाली होतात का तुम्ही? त्यांनी शिकवलं?"

"कोनाच्या?"

"सुनीलरावांच्या वडलांच्या. कृषी खात्यात होते ना. मोठा माणूस असणार. आम्हाला भेटायला मिळाले नाहीत, गेले बिचारे चार वर्षांपूर्वी."

सुनील पाइप ओढत कोपऱ्यावर आला होता. तिथंच थांबला. पांडूच्या हातातली बशी ओठांपर्यंत गेली होती. ती तिथंच राहिली. त्याचा चांगला डोळा सुनीलवर आला आणि लगेच खाली गेला.

"व्हय," पांडू म्हणाला. "चांगला व्हता मानूस." आणि उरलेला चहा त्यानं एका घोटात संपवला. बशी धुवायला तो स्वतः उठला. सुनीलच्या हातातूनच त्यानं पाइप घेतला, कपबशी विसळली आणि परत पहार उचलली.

*

परतीच्या वाटेवर गाडी चालवताना सुनीलला बघायला समोर काहीतरी होतं म्हणून बरं होतं. ट्रक, डायव्हर्जन, धूळ. पांडू मांडीवर हात ठेवून बसला होता. हाताचे फोड फुटले होते.

"कसा मेलो रं मी?" त्यानं विचारलं.

आवाजात राग नव्हता. सुनीलनं गिअर बदलला.

"अटॅकनं."

"घरात का दवाखान्यात?"

"एवढा नाय सांगितला."

"ठरवून ठेव. ती बाय परत इचारील. दोघांचा सारखा आसाया हवा."

"बाबा..."

"रस्त्याकडं बघ."

 घाट चढून वाडी दिसायला लागल्यावर पांडू म्हणाला, "साहेब व्हतो ना मी? कृषी खात्यात. बरा केलास. कोळशावाला नाय सांगितलास." आणि उतरताना पाय ठेवायला फळी सापडेना म्हणून थोडा वेळ दाराला धरून राहिला. सुनील हात द्यायला पुढे झाला तोवर तो उतरला होता.

अक्षदानं भाकऱ्या वाढल्या. "कसा हाय घर?" तिनं विचारलं.

"मोठा हाय," पांडू म्हणाला. "बाय चांगली हाय. खुर्चीवर बसवलान मला." त्यानं एवढंच सांगितलं.  सुनील अर्ध्या भाकरीवर पाणी पिऊन उठला. आता सांगेल, आता सांगेल म्हणून तो पडवीतल्या आवाजाकडे कान देऊन होता. पांडू सुनेशी रोपाच्या पाण्याबद्दल बोलत होता.

सकाळी सुनील लवकर आवरून एकटाच निघाला, तर पांडू टेम्पोत मागे हौद्यात रोपांजवळ बसलेला.

"आज मी बघतो. तू नको येऊस."

"अर्धी झाडा राह्यलीत. बायला जबान दिलेय मी." त्यानं पाय जवळ ओढून घेतले. "चल, ऊन चढतो."

"मंग पुढं बस."

"हितं बरा हाय. गडी मान्सा मागंच बसतात."

*

दुपारी पहार निसटली आणि पांडूच्या पायावर आली. अंगठ्याचं नख मुळातून उचकटलं. रक्त मुरमात मुरलं, मुरमासारखंच लाल. पांडूनं दात आवळले आणि खाली बसून पायावर माती घालायला लागला.

"माती नको, माती नको!" उबेदभाई धावत आले. त्यांनी पांडूला व्हरांड्यात बसवलं आणि पेटी आणून त्याचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. पांडू संकोचानं मागे सरकू लागला, तर त्यांनी घोटा धरून ठेवला. सुनील पाण्याचा मग घेऊन शेजारी उभा होता. मग देण्याशिवाय त्याला काही काम नव्हतं. वीस वर्षांत बापाचा पाय त्यानं इतक्या जवळून बघितला नव्हता. टाचेला बोट जाईल एवढ्या भेगा होत्या.

"या वयात असली कामं का करता?" पट्टी बांधता बांधता उबेदभाईंनी विचारलं. "घरी कोण असतं? मुलगा नाही?"

"व्हता एक."

सुनीलनं मग खाली ठेवला.

"व्हता म्हणजे?"

"म्हमईला गेला," पांडू पायाकडे बघत म्हणाला. "मंग आला नाय."

"कळवत नाही काही?"

"नाय."

उबेदभाईंनी पट्टीची गाठ मारली. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मी चोवीस वर्षं तिकडे होतो. दर शुक्रवारी अब्बांना फोन होता, फोन नव्हते तेव्हा पत्र होतं. असल्या पोराला काय म्हणायचं?" ते सुनीलकडे वळले. "बघा सुनीलराव. तुमचे वडील गेले तरी तुम्ही त्यांचं नाव सांगता. आणि यांचा जिवंतपणी बापाला विसरला."

 खरं काय ते सुनीलला तेव्हाच सांगता आलं असतं. तो मग घेऊन नळावर गेला आणि भरलेला मग ओतून परत भरत राहिला.

पांडूनं पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि लंगडत जाऊन उरलेले चार खड्डे पुरे केले. सुनील त्याच्या हातातून पहार घ्यायला गेला तर त्यानं दिली नाही. "शेठनी कागद बघावा," तो म्हणाला. तेव्हा तिथं ऐकायला कुणी नव्हतं.

*

तिसऱ्या दिवशी ढग भरून आले. झाडं जवळजवळ लावून झाली होती. धायटी उतारावर, दिंडा मोरीशी, कुडा फाटकाच्या दोन अंगांना, भोकर आणि लिंबू मागे. सगळी काटक्यांसारखी दिसत होती, नर्सरीतल्या झाडांसारखी एकही नाही. पण भाभी सकाळपासून बाहेर होत्या आणि प्रत्येकाचं नाव पांडूकडून पुन्हा पुन्हा विचारून घेत होत्या.

अकराच्या सुमारास उबेदभाईंनी एका पाहुण्याला आणलं. दीपेश नावाचा, बिरवाडीत कंपनीच्या कामगारांना खोल्या भाड्यानं देणारा. त्याला खोल्यांच्या पुढच्या मोकळ्या जागेत अशीच बाग हवी होती.

"हे सुनीलराव," उबेदभाई म्हणाले. "डिप्लोमावाले. आणि घराणंच यातलं. वडील कृषी खात्यात अधिकारी होते. रक्तातच आहे."

सुनीलनं खात्यात म्हटलं होतं, अधिकारी म्हटलं नव्हतं. बाप मेल्यावर वाढत चालला होता. चार हातांवर पांडू भोकराच्या बुडाशी माती दाबत होता. एक पाय पिशवीत बांधलेला, तो लांब करून, दुसऱ्या गुडघ्यावर. त्याचे हात थांबले नाहीत. पण मान थोडी आत गेली, कुणी मारायला हात उगारल्यावर जनावराची जाते तशी.

"नव्हते," सुनील म्हणाला.

"काय?"

"कृषी खात्यात नव्हते माझे वडील. डिप्लोमा पण नाही केला मी." तो भोकराकडे वळला. "आणि ते मेले नाहीत. हे माझे वडील." त्यानं बोट दाखवलं आणि बोट दाखवल्याचीही त्याला लाज वाटली. हात खाली आला.

दीपेशनं उबेदभाईंकडे बघितलं. भाभींच्या हातातली झारी कलली, पाणी त्यांच्या पायावर सांडत होतं.

"काका?" उबेदभाई सावकाश म्हणाले. "खरं आहे हे?"

पांडू उठला. उठायला त्याला वेळ लागला. हातावरची माती त्यानं एकमेकांवर घासून झाडली.

"नाय साहेब," तो म्हणाला. "माजा पोरगा आस्ता, त त्यानं मला पांडू म्हनून हाक मारली आस्ती का?"

 खाली हायवेला ट्रक चढण चढत होता, त्याचा आवाज तेवढा होता. दीपेशला कुठलासा फोन आठवला आणि तो बोलत बोलत फाटकाबाहेर गेला. परत आला नाही. उबेदभाई सुनीलकडे बघत राहिले, आदल्या दिवशी जे बोलले ते त्यांना आठवत असावं. मग त्यांनी मान वळवली आणि ते आत गेले.

"बाबा," सुनील म्हणाला.

पांडूनं ऐकलं नाही की ऐकूनही बघितलं नाही, कळायला मार्ग नव्हता. तो दुसऱ्या रोपाकडे गेला.

भाभींनी झारी सुनीलच्या हातात दिली. "तिकडची चार झाडं राहिलीत पाण्याची," त्या म्हणाल्या. आवाज कडक नव्हता, त्यामुळं जास्त लागला. त्यानं चारही झाडांना पाणी घातलं. व्हरांड्यात भाभी पांडूला चहा देत होत्या. कप एकच आणला होता.

निघताना उबेदभाई फाटकापर्यंत आले. ठरलेलं सगळं त्यांनी चुकतं केलं, हिशेबात एका पैशाची घासाघीस केली नाही. "बाग चांगली झाली," ते म्हणाले. "काकांनी केली. पावसाळ्यात झाडं बघायला त्यांना पाठवत जा. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

*

अक्षदाला सुनीलनं स्वतःच सांगितलं. पांडू ओढ्यावर पाय धुवायला गेला होता. ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं, मग परत चालू झालं, मग परत थांबलं.

"आनि मी?" तिनं विचारलं. "मी जिती हाय ना तिथं?"

"तुजा कोनी इचारला नाय."

"इचारला आस्ता त?"

तो ओढ्याच्या वाटेकडे बघू लागला. अक्षदानं सूप बाजूला ठेवलं, उठली आणि पांडूसाठी पाणी तापवायला चूल पेटवली. त्या दिवशी ती सुनीलशी बोलली नाही. पांडूच्या अंगठ्याला तिनं हळद बांधली. कुठं लागलं, कसं लागलं, काही विचारलं नाही.

रात्रीपासून पाऊस लागला तो चार दिवस उघडला नाही. शेतं भरली. पाचव्या दिवशी करंजमाचीतली सगळी उरलीसुरली माणसं चिखलात उतरली. सुनीलनं नर्सरी बंद ठेवली. मुंबईहून आल्यापासून लावणीला तो कधी उतरला नव्हता. माणसं लावायचा, स्वतः बांधावर उभा राहायचा.

पांडू आधीच शेतात होता. दुखऱ्या पायावर फडकं गुंडाळून, गुडघाभर चिखलात. डोक्यावर इरलं नव्हतं, खताच्या गोणीची खोळ होती.

"बाबा, तू बांधावर बस. पाय पिकंल. मी लावतो."

पांडूनं पुढचं रोप रोवलं. सुनीलनं पँट वर दुमडली, रोपांचा मुठा उचलला आणि त्याच्या शेजारच्या ओळीला वाकला. चिखल गार होता. पहिल्या घटकेतच कंबर भरून आली. पांडूची ओळ सरळ मागे सरकत होती, सुनीलची वाकडी होत होती. दोनदा पांडूचा हात त्याच्या ओळीत आला, चुकीचं रोप उपटून नीट रोवून गेला. बोट बोटाला लागलं नाही.

"दाट लावतोस," पांडू म्हणाला. पाच दिवसांत तो सुनीलशी पहिल्यांदाच बोलला. "पातळ लाव. श्वास घ्यायला जागा ठेव त्याला."

सुनीलनं पातळ लावायला सुरुवात केली. पलीकडच्या शेतात मुरारी होता, पांडूच्याच वयाचा. त्यानं पाठ सरळ केली आणि पावसातून ओरडून विचारलं, "पांडूदा, आज गडी कोन आनलाव?"

पांडूचा हात चिखलात थांबला. सुनीलचाही थांबला. पाऊस पाण्यावर पडत होता.

"गडी नाय," पांडू ओरडून म्हणाला. "पोरगा हाय माजा."

सुनीलला मान वर करता आली नाही. लावणी करताना तशी ती वर करावी लागत नाही. तो वाकलेलाच राहिला आणि हातातला मुठा संपेपर्यंत एकेक रोप लावत गेला.